संशोधनाची बातमी वाचून त्यातला घरगुती तुकडा कसा काढायचा: मोरपीस, कापूस, भज्याचा कागद अन् टिनाचं छप्पर

मोरपिसातून लेझर निघते अशी बातमी मागे मोबाईलवर फिरत होती, वाड्यातल्या पोट्ट्यांनी ती आणून दाखवली अन् विचारलं, दादा हे खरं आहे की येडं बनवून राहिले? मी फिजिक्समध्ये एमएस्सी करून सहा एकरात कापूस करतो, त्यामुळे असले प्रश्न गावात माझ्याकडेच येतात, खत किती टाकू हे मात्र कोणी विचारत नाही.

बातमी खरी निघाली. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडा पॉलिटेक्निक अन् यंग्सटाऊन स्टेट या दोन विद्यापीठांच्या लोकांनी 'सायंटिफिक रिपोर्ट्स'मध्ये छापलं होतं. त्यांनी मोराच्या पिसाला ऱ्होडामाइन ६जी नावाचा रंग लावला, वाळवला, परत लावला, परत वाळवला, अन् मग त्यावर हिरव्या लेझरचे झटके मारले, तर पिसातून ५७४ अन् ५८३ नॅनोमीटर तरंगलांबीचा (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग, अन् तरंगलांबीवरून प्रकाशाचा रंग ठरते) अगदी अरुंद पट्ट्याचा लेझर प्रकाश बाहेर आला. म्हणजे मोर काही लेझर मारत फिरत नाही, रंग बाहेरचा अन् उजेडही बाहेरचा, अन् नेमकी हीच ओळ फॉरवर्डमध्ये कोणीतरी गाळून टाकली होती.

तेव्हापासून मी पोट्ट्यांना एक वही करायला लावली. बातमी आली की त्यात लिहायचं, काय केलं, कशावर केलं (उंदरावर, काचेवर की माणसावर), आकडा किती आला, अन् शेवटी यातला कोणता तुकडा आपल्या घरी करता येते. बाकीचं कुठंही सापडते, तो शेवटचा रकाना भरायलाच खरी मेहनत लागते. अख्खा प्रयोग काही घरी होत नसतो, त्याला करोडोच्या मशीन लागतात, पण त्याच्या मुळाशी जी गोष्ट असते ती बरेचदा आपल्या अंगणातच पडलेली असते. मी जे तुकडे काढले ते कसे काढले ते सांगतो.

सामान फार नाही. जत्रेत चावीच्या जुडग्याला लावून मिळते तो लाल लेझर, एक जुनी सीडी (लग्नाची शूटिंग असलेली नका घेऊ, मी घेतली होती अन् आईच्या शिव्या खाल्ल्या), मीटर टेप, दोरी, जुनी लग्नपत्रिका, काळी वायरिंगची टेप, मेडिकलमधून छोटी ग्लिसरीनची बाटली, चुना अन् फेविकॉल. लेझर डोळ्यात मारायचा नाही, दुसऱ्याच्या नाही अन् बैलाच्याही नाही, अन् सीडीवरून परत येणारा ठिपकासुद्धा डोळ्यात जाऊ द्यायचा नाही. हिरवा लेझर घेऊच नका, स्वस्तातल्या हिरव्यातून न दिसणारा इन्फ्रारेड पण बाहेर पडू शकते अन् वरचं लेबल काहीही लिहिलेलं असते.

आधी मोरपीस. आपोआप गळलेलंच घ्यायचं, पावसाळा संपता संपता मोर पिसं टाकतात तेव्हा धुऱ्यावर, बाभळीखाली सापडतात. उपटायचं नाही, मोर १९७२ च्या वन्यजीव कायद्यात सगळ्यात वरच्या यादीत आहे. आता अंधाऱ्या खोलीत पिसाच्या डोळ्यावर समोरून टॉर्च मारा, निळा-हिरवा झगमगाट दिसेल. मग टॉर्च पिसाच्या मागे न्या अन् आरपार पाहा. निळा गायब, नुसतं तपकिरी. आमच्या घरची पोट्टी म्हणाली रंग उडाला, मी म्हटलं उडाला नाही, तो तिथं नव्हताच. २००३ मध्ये चीनच्या फुदान विद्यापीठातल्या लोकांनी पिसाचे बारके तंतू इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिले तर आत मेलॅनिनच्या कांड्या (मेलॅनिन म्हणजे आपल्या केसातला काळा) खिडकीच्या जाळीसारख्या रांगेत लावलेल्या, निळ्या तंतूत एका कांडीपासून दुसरी सुमारे १४० नॅनोमीटरवर, हिरव्यात १५०, पिवळ्यात १६५. माल सगळीकडे तोच, फक्त अंतर बदललं की रंग बदलला. एखादा निळा तंतू दोन चमच्यांमध्ये दाबून खसाखसा घासा, जाळी मोडली की निळा गेला अन् तपकिरी भुकटी राहिली.

मोडक्या लेझरच्या टोकातली ती इवलीशी काच काढून मोबाईलच्या कॅमेऱ्यावर टेपने चिकटवली तर मस्त जवळून दिसते, प्रत्येक तंतू वेगळा, चमचम करणारा. पीस काचेला जवळजवळ टेकवावं लागते अन् हात हलला की सगळं धूसर, म्हणून मोबाईल दोन विटांवर आडवा ठेवा अन् पीस खालून सरकवा.

ही गोष्ट आपल्याकडे नवी पण नाही. सी. व्ही. रामन १९१० मध्ये सरकारी हिशेबाच्या नोकरीत नागपूरला होते, अन् पुढे १९३४ मध्ये त्यांनी नीलकंठाच्या पिसातला निळा कुठून येते यावर लिहिलं. तोच नीलकंठ ज्याला दसऱ्याला पाहायला आपण सकाळी सकाळी शेतात जातो. त्याचा निळा पण रचनेतलाच आहे, पण मोरासारखा चमकत नाही, इकडून पाहा नाहीतर तिकडून पाहा, सारखाच दिसते.

आता मला सगळ्यात जास्त आवडणारा तुकडा, मोजमाप. बातमीत नॅनोमीटर, मायक्रॉन असे शब्द येतात अन् आपण मान हलवून पुढे जातो. नका जाऊ. मीटर टेपने मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, मोजता येते, खरंच.

पहिले आपल्या लेझरची तरंगलांबी काढून घ्यायची. सीडीवर जे गोल गोल चर असतात ते एकमेकांपासून १.६ मायक्रॉनवर असतात, हे कंपनी कोणतीही असो सारखंच, म्हणजे आपल्याला फुकटात पट्टी मिळाली. लेझर भिंतीला चिकटून स्टुलावर ठेवा, तोंड खोलीकडे. बरोबर १०० सेंटिमीटरवर सीडी उभी करा, चमकती बाजू भिंतीकडे. लेझर सीडीच्या भोकाच्या उजव्या बाजूला पाडा, घड्याळात ३ वाजतात तिथं, अन् सीडी थोडी थोडी वळवून परत आलेला मधला ठिपका लेझरच्या तोंडावरच येईल असं करा. आता भिंतीवर डावी-उजवीकडे आणखी दोन ठिपके दिसतील. मधल्या ठिपक्यापासून बाजूच्या ठिपक्याचं अंतर मोजा, माझं ४४.५ सेंटिमीटर आलं. मग सीडीवर जिथं लेझर पडते तिथून त्या बाजूच्या ठिपक्यापर्यंत तिरपी दोरी ताणा अन् ती मोजा, १०९.५ आली. १.६ गुणिले ४४.५ भागिले १०९.५, उत्तर ०.६५ मायक्रॉन. म्हणजे ६५० नॅनोमीटर. साइन-कोसाइनचं टेबल नको, काही नको, दोरी पुरते.

हे चालू असताना रात्री लाइट गेलेली होती (लोडशेडिंगचा एवढा एक फायदा, अंधार फुकट), अन् बाजूचे काकाजी भिंतीवरून डोकावले.

"काहून रे, अंधारात काय करून राहिला? चोर समजलो ना मी."

"काकाजी, केस मोजून राहिलो."

"किती राहिले डोक्यावर ते मोजतो का?"

"नाही जी, जाडी मोजतो. द्या बरं तुमचा एक."

काकाजींनी मिशीचा दिला, डोक्यावरचे परवडत नाहीत म्हणे. तर केस मोजायची रीत अशी, लग्नपत्रिकेला एक सेंटिमीटरची खिडकी कापा, तिच्यावर केस ताणून उभा चिकटवा, अन् लेझर त्या केसावर मारा. भिंत आता २ मीटरवर. भिंतीवर ठिपक्याऐवजी आडवी रेघ दिसते अन् त्या रेघेत मध्ये मध्ये काळ्या फटी. भिंतीवर कागद लावून फटींवर पेन्सिलने खुणा करा, लाइट लावून आरामात मोजा. मधल्या मोठ्या लाल पट्ट्यावरून मोजू नका, तो दुप्पट रुंद असते, मी पहिल्यांदा तिथंच फसलो अन् केस निम्म्या जाडीचा आला. एकाच बाजूच्या फटी घ्या. समजा सहा फटींमधली पाच अंतरं मिळून ९३ मिलिमीटर, म्हणजे एक अंतर १८.६. आता ०.६५ ला भिंतीच्या अंतराने, म्हणजे २००० मिलिमीटरने गुणा, अन् १८.६ ने भागा. ७० मायक्रॉन. मिशीचा केस डोक्याच्या केसापेक्षा जाड निघाला, काकाजी खुश होऊन गेले.

अन् मग कापूस. एवढं सगळं जमल्यावर आपल्या घरचा कापूस नाही मोजला तर काय उपयोग! सरकीवरून एकच धागा हळूच ओढून काढा, चिमट्याने, अन् त्याच खिडकीवर चिकटवा. धागा जेमतेम तीनेक सेंटिमीटरचा म्हणून खिडकी लहान पाहिजे, नाहीतर पुरत नाही. भिंत १ मीटरवर आणा, कारण इथं उलटं गणित आहे, वस्तू जेवढी बारीक तेवढा प्रकाश जास्त पसरते, त्यामुळे कापसाच्या फटी केसापेक्षा कितीतरी दूर दूर जातात अन् अंधुक होतात. रात्री पूर्ण अंधारातच जमते. फट ते फट ४३ मिलिमीटर आली तर ६५० भागिले ४३, १५ मायक्रॉन. धागा थोडा वर सरकवला की आकडा बदलते, कारण कापसाचा धागा गोल नसते, चपटी पिळलेली फीत असते, कुठं रुंद बाजू समोर येते कुठं अरुंद. दहा ठिकाणी मोजा अन् कमी-जास्त लिहून ठेवा. हा आकडा घेऊन खरेदीवर जाऊ नका, व्यापारी ज्याला मायक्रोनेअर म्हणते ते वेगळं, ते रुईतून हवा सोडून काढतात अन् त्यात धाग्याचा बारीकपणा अन् पक्वता दोन्ही येतात. पण पहिल्या वेचणीचा धागा अन् फरदडीचा (हंगाम संपल्यावर तीच झाडं ठेवून घेतलेल्या कापसाचा) धागा शेजारी शेजारी लावून पाहायला काय जाते.

कापसाचंच निघालं म्हणून सांगतो, हा धागा जवळजवळ सगळा सेल्युलोज आहे, अन् केंब्रिज विद्यापीठात सिल्व्हिया विग्नोलिनी यांच्या टीमने २०२१ मध्ये सेल्युलोजच्या नॅनोक्रिस्टलपासून (म्हणजे त्याच्या अतिशय बारक्या स्फटिकांपासून) चमकी बनवून दाखवली, प्लॅस्टिक नाही अन् रंगही नाही, मोरपिसासारखा रंग नुसत्या रचनेतून. त्यांनी लाकडाच्या लगद्यातला सेल्युलोज घेतला होता, पण नॅनोक्रिस्टल कापसापासून पण निघते. मुंबईच्या कापूस तंत्रज्ञान संस्थेत, सिरकॉटमध्ये, नॅनोसेल्युलोजचा पायलट प्लांट आहे. याचा घरगुती तुकडा मात्र काढायचा नाही. त्याला तीव्र सल्फ्युरिक ॲसिड लागते अन् बॅटरीच्या दुकानात ॲसिड मिळते हे पोट्ट्यांना माहीत असते, म्हणून मुद्दाम लिहून राहिलो. वहीतला तो रकाना रिकामा सोडला तरी चालते.

पुढची बातमी लय गाजली होती, उंदराची कातडी पारदर्शक झाली. सप्टेंबर २०२४, 'सायन्स'मध्ये, स्टॅनफर्ड विद्यापीठाचं काम. टार्ट्राझीन म्हणजे खाण्याचा पिवळा रंग, पाकिटाच्या मागे आयएनएस १०२ लिहिलेला असते तो, पाण्यात विरघळवून उंदराच्या कातडीवर चोळला तर पोटातलं आतडं हलताना दिसलं, डोक्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या दिसल्या, अन् पाण्याने धुतलं की कातडी पहिल्यासारखी. पोट्ट्यांचा पहिला प्रश्न, आपल्या हातावर लावू का? नाही! उंदराची कातडी पातळ असते, माणसावर त्यांनी केलेलं नाही, अन् हळद लावल्यासारखे पिवळे हात घेऊन शाळेत जाल ते वेगळंच.

याचा घरगुती तुकडा गुरुवारच्या बाजारात मिळते. भजी ज्या पेपरवर देतात तो पेपर. तेल लागलं तिथं मागची अक्षरं दिसतात, पाणी पडलं तर तेवढी दिसत नाहीत, काहून? पेपर पांढरा दिसते कारण त्यात सेल्युलोजचे धागे अन् हवा यांची मिसळ असते, धाग्याचा अपवर्तनांक (वस्तू प्रकाशाला किती वळवते त्याचा आकडा) दीडच्या आसपास, हवेचा १, प्रत्येक वळणावर प्रकाश विखुरते. तेलाचा अपवर्तनांक १.४७, ते हवेची जागा घेते अन् धाग्याशी जवळजवळ जुळते, मग प्रकाशाला वळायला कारणच उरत नाही, सरळ आरपार. पाण्याचा १.३३, म्हणजे अर्धवट जुळणी. करून पाहायचं तर कोऱ्या कागदाच्या चार पट्ट्या घ्या, एकीवर पाणी, एकीवर साखरेचा घट्ट पाक, एकीवर गोडेतेल, एकीवर ग्लिसरीन, पाच मिनिटं मुरू द्या, मग छापील पानावर ठेवून वाचा. पाकाचं पाहा बरं का, साखर जास्त तेवढं अक्षर स्पष्ट, अन् उंदराच्या प्रयोगात नेमकं हेच केलं होतं, पाण्यात काहीतरी विरघळवून त्याचा अपवर्तनांक कातडीतल्या चरबी-प्रथिनांच्या जवळ नेला. साखरेपेक्षा तो रंग भारी ठरला कारण तो निळा प्रकाश इतका जोरात शोषते की त्यामुळे लाल बाजूला पाण्याचा अपवर्तनांक वाढते, थोड्याशा रंगात काम होते. म्हणून ते पारदर्शक दिसणंही लाल-नारंगी बाजूलाच चांगलं.

आता छप्पर. हा तुकडा मी सगळ्यात उशिरा केला अन् खरं म्हणजे पहिले करायला पाहिजे होता, मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या वर जाते अन् गोठ्यावर टिन आहे.

सहारा वाळवंटात एक चंदेरी मुंगी असते, भर दुपारी फिरते. २०१५ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या लोकांनी 'सायन्स'मध्ये दाखवलं की तिच्या अंगावरचे केस त्रिकोणी छेदाचे आहेत, ते ऊन परत फेकतात अन् अंगातली उष्णता इन्फ्रारेडमध्ये आकाशाकडे सोडतात. त्याच्या एक वर्ष आधी स्टॅनफर्डच्या आस्वथ रमन अन् शानहुई फान यांच्या टीमने सात थरांचा एक पृष्ठभाग बनवला होता, तो ९७ टक्के ऊन परत फेकायचा अन् भर उन्हात, कोणतीही वीज न लावता, बाहेरच्या हवेपेक्षा ४.९ डिग्री थंड राहिला. आठ ते तेरा मायक्रॉन तरंगलांबीची इन्फ्रारेड उष्णता हवेत न अडकता सरळ वर निघून जाते, खिडकी उघडी असल्यासारखी, हे त्यातलं गुपित. हे तुम्ही रोज पाहता. हिवाळ्यात रात्री गाडी अंगणात उघड्यावर लावली की सकाळी सीट दवाने ओली, कडुनिंबाखाली लावली की कोरडी. निंबाने दव अडवलं असं आजी सांगायची, पण दव वरून पडतच नाही. उघड्यावरची सीट आकाशाकडे उष्णता सोडून सोडून हवेपेक्षा थंड होते अन् हवेतलं पाणी तिच्यावर जमते, झाडाखाली असली की झाडच तिला ऊब परत देते.

टिनाची गंमत अशी की चकचकीत टिन बरंचसं ऊन परत फेकते पण स्वतःची उष्णता सोडायला फार कंजूष आहे, म्हणून तापते अन् तापूनच राहते. चुन्याचा पांढरा थर ऊन पण फेकते अन् उष्णता पण सोडते. फूटभर टिनाचे दोन तुकडे घ्या, एकाला चुना अन् थोडं फेविकॉल कालवून दोन हात मारा, दोघांच्या खाली थर्माकोल, अन् बारा ते दोन उन्हात ठेवा. तापमान मोजायला कोरोनातली ती कपाळावर धरायची गन बऱ्याच घरी पडून आहे, पण ती अंगाच्या मोडवर ४३ च्या वर नुसतं हाय दाखवते, सरफेस मोड असेल तर तो लावा. अन् उघड्या टिनावर ती खोटं बोलते. माझी गन ३८ दाखवून राहिली होती, म्हटलं वा, अन् हात ठेवला तर चटका. टिन इन्फ्रारेड सोडतच नाही तर गनला दिसणार काय, तिला आकाशाचं प्रतिबिंब दिसते. दोन्ही तुकड्यांवर काळ्या वायरिंग टेपचा रुपयाएवढा तुकडा चिकटवा अन् गन फक्त त्याच्यावर धरा, मग आकडे खरे येतात. गन नसली तर उलटा हात टेकवा, एवढा फरक आहे की विचारावं लागत नाही.

चुन्याला हवेपेक्षा थंड करायची अपेक्षा ठेवू नका, ते स्टॅनफर्डचं काम वेगळं, इथं फक्त कमी तापते. पण गोठ्यात बसलेल्या म्हशीला तेवढंही पुरते.

अख्ख्या छपरावर मारायचं तर मार्चच्या शेवटी मारा. आधी मारलं तर धूळ बसून पांढऱ्याचं करडं होते अन् करड्याचा उपयोग नाही, थंडीत तर मारूच नका, रात्री आत आणखी गारठा. टिन आधी घासून धुवा, नाहीतर चुना पापडासारखा सुटते, माझा पहिला हात अवकाळी पावसात अर्धा वाहून गेला, तेव्हा फेविकॉल टाकलं नव्हतं. डोळ्याला गॉगल लावा, चुन्याचा शिंतोडा डोळ्यात फार वाईट. अन् वर चढलं की पाय खिळ्यांच्या रांगेवरच ठेवायचा, तिथं खाली लाकूड असते, मधल्या टिनावर नाही.